साहेबांचे जगभरातले फ्रिज

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पुण्यात पुष्कळ पाहिली, पण फ्रिजवर विश्वास नसलेला माणूस एकच भेटला, आणि नेमके तेच माझे पहिले साहेब निघाले. महापालिकेच्या आरोग्य खात्यात आमच्या भागातल्या लसींची जबाबदारी त्यांच्याकडे होती. लस म्हणजे थंडावा, थंडावा म्हणजे फ्रिज, आणि फ्रिज म्हणजे, साहेबांच्या मते, आपली पाठ वळली की दगा देणारी वस्तू. त्यामुळे कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला पुढे यायच्या आत ते उठून फ्रिज उघडत. पुतण्यासाठी मुलगी बघायला सदाशिव पेठेत गेले, तिथेही त्यांनी दाराच्या रबरावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नीट लागत नाही दार आपलं." मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "फ्रिज आम्ही देणार नाही आहोत. मुलगी आतल्या खोलीत आहे." ते लग्न तरीही कसं जमलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या बिबवेवाडीच्या घरीही ते एकदा आले होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि माझे साहेब घरी येणार म्हणून आईने सकाळपासून ओटा घासला होता. साहेब आले ते थेट फ्रिजपाशी. माझे वडील जन्मभर शेतात राबलेले, साहेबी माणसापुढे एरवी गप्प बसणारे, पण तेही म्हणाले, "भेंडी हाय, कालचं कालवण हाय. काय जप्त करायचं ते करा, सायेब." साहेब म्हणाले, "कालवण वरच्या कप्प्यात ठेवा," आणि मग चहाला बसले.

हा माणूस विक्षिप्त होता, पण त्याच्या विक्षिप्तपणात आराम नव्हता. लग्नाच्या पंगतीत दिवे क्षणभर मंद झाले, तर त्यांचा घास हातात राहायचा आणि ते मला फोन करायचे, "मॅडम, आपल्याकडे वीज आहे ना?" आमच्या कचेरीत 'वरून आलंय' म्हणजे मुंबईहून आलंय. साहेबांचं वर त्याहून फार वर होतं, थेट जिनिव्हापर्यंत. तिकडच्या आरोग्यवाल्यांनी काही नवं ठरवलं की ते दिल्लीमार्गे, मुंबईमार्गे झिरपत आमच्या टेबलावर पडायचं, आणि साहेब ते एकदा उभ्याने वाचायचे, मग बसून वाचायचे, मग माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. मला राग यायचा. मी तोंडाची स्पष्ट. एकदा म्हटलं, "साहेब, तिकडे खुर्चीत बसून हे ठरवणार आणि इथे उन्हात आम्ही फिरणार. त्यांना बिबवेवाडीचा चढ माहीत तरी आहे का?" साहेब म्हणाले, "विषाणूलाही माहीत नाही, मॅडम. तरी तो चढून येतो."

आणि मग तो पोलिओच्या थेंबांचा आदेश आला. त्या थेंबांत तीन प्रकारच्या विषाणूंवरची लस असायची. त्यातला एक प्रकार जगातून संपला होता, आणि आता त्याच्यावरची लसच नकोशी झाली होती, कारण तिच्यातला दुबळा केलेला विषाणू क्वचित कुठेतरी पुन्हा उचल खायचा. म्हणून जगभर ठरलं की सगळ्या देशांनी जुनी लस एकाच वेळी थांबवायची, बाकीच्या दोन प्रकारांवरची नवी सुरू करायची, आणि जुनीच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या उकळून मारायच्या. जगातल्या कुठल्याही फ्रिजमध्ये एकही राहता कामा नये. "एकही," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू जगातले सगळे फ्रिज त्यांच्याच नावावर आहेत.

त्या दिवसांत आम्ही स्कूटरवरून स्वारगेटच्या इकडचे आणि तिकडचे सगळे दवाखाने पालथे घातले. साहेबांचं वजन उतरलं. माझीही झोप उडाली. डोळे मिटले की फ्रिजचा दिवा दिसायचा. खाजगी डॉक्टर हसायचे. एक जण म्हणाले, "मागच्या महिन्यात तुम्हीच सांगत होता, जपून ठेवा." साहेब नुसती मान हलवायचे आणि बाटल्या गोळा करायचे.

शेवटी राहिला सदाशिव पेठेतला एक दवाखाना. मुलांचे वृद्ध डॉक्टर परदेशात आपल्या लेकीकडे गेलेले, दाराला कुलूप. साहेबांनी दाराला कान लावला. "चालू आहे," ते म्हणाले. आत फ्रिज घरघरत होता. दुसऱ्या दिवशी, कुठे जुनी बाटली राहिली का याच्या पाहणीला, बाहेरच्या संघटनेची माणसं येणार होती. मी म्हटलं, "कुलूप होतं असं लिहून देऊ." साहेब पायरीवरच बसले. "त्यांना लिहून देता येईल हो. पण डॉक्टर परत येतील, सवयीने एक बाटली काढतील आणि कुणाच्या तरी बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकतील. त्या बाळाला काय लिहून देणार?"

किल्ली वरच्या मजल्यावरच्या आजींकडे निघाली. "कोण आपण?" त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "महापालिका." "अस्सं. सकाळपासून पाणी नाही, त्याचं बघा आधी." मी तिथूनच पाणीपुरवठ्याला फोन लावला, तेव्हा किल्ली हलली. जिना उतरताना आजी म्हणाल्या, "फ्रिजमध्ये माझे आंबे आहेत. त्यांना हात लावायचा नाही." साहेबांनी आंब्यांना हात लावला नाही. वरच्या कप्प्यात बर्फाचा थर साचला होता, तो त्यांनी चमच्याने खरवडला, आणि मागे चिकटलेली एक बाटली निघाली. जुनीच. साहेबांनी खांद्यावरचा लसी नेण्याचा डबा उघडला, बर्फाच्या पिशव्या नीट लावल्या, आणि मधोमध ती बाटली ठेवली.

"साहेब," मी म्हटलं, "उकळायलाच न्यायची आहे ना? मग बर्फ कशाला?"

"रस्त्यात ऊन आहे," ते म्हणाले, आणि झाकण लावलं.

कचेरीत मी पातेल्यात पाणी ठेवलं. पाण्याला उकळी आली तरी साहेब बाटली हातात धरून उभे. त्या बाटलीच्या लेबलवर एक पांढुरका चौकोन असतो. उष्णता लागली की तो काळवंडतो, म्हणजे लस वाया गेली असं समजायचं. सगळ्या नोकरीभर साहेब त्या चौकोनासाठी जागे राहिले होते. शेवटी त्यांनी बाटली माझ्यापुढे केली. "तुम्ही टाका," म्हणाले. मी झाऱ्यावर ठेवून ती अलगद सोडली. चौकोन हळूहळू काळा होत गेला आणि साहेब तो चष्मा पुसत बघत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "इतक्या देशांत, आपल्यासारखंच कोणीतरी आज दारांना कान लावत असेल ना?"

"असणारच, साहेब."

"एखाद्या ठिकाणी कुणी पायरीवरूनच परत गेलं असेल तर?"

उकळण्याची ठरलेली वेळ संपली होती, म्हणून मी गॅस बंद करायला हात पुढे केला. साहेबांनी हळूच थांबवलं. "राहू द्या," ते म्हणाले, "अजून थोडा वेळ."