लाटांनी रचलेला बांध

नावांच्या फटी डांबरानं बुजवता बुजवता हात कायमचे काळे झाले, म्हणून सगळा किनारा तिला डांबरमावशी म्हणायचा. नवरा गेल्यावर सरोवराकाठची नावा दुरुस्तीची शेड तिनं एकटीनं चालवली. दारासमोर दगडगोट्यांचा लांबलचक बांध होता, लाटांनीच रचलेला. त्यावरून नाव ओढताना जीव निघायचा. मग तिनं हौसेनं तो उपसला आणि गवंडी दिराकडून सिमेंटची सरळसोट भिंत बांधून घेतली, शेजारी नावांसाठी उतार.

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. लाट भिंतीवर थाडकन आपटायची आणि परतताना पायथ्याचे गोटे ओरबाडून न्यायची. बघता बघता भिंतीखाली भगदाड पडलं, शेडचा कोपरा खचला. आणखी एक वादळ, की शेड पाण्यात.

"वहिनी, भिंत अजून जाड करू," दीर म्हणाला.

"नको भाऊजी. पहार आणा. पाडा."

"माझ्याच हातानं?"

"बांधलीत तुम्ही, मग पाडायला काय शेजारी बोलावू?"

पलीकडच्या मोकळ्या काठाकडं ती रोज बघत होती. तिथं लाट गोटे घेऊन वर चढायची, पाणी दगडांच्या फटींत मुरून जायचं, आणि गोटे परत ओढून न्यायला लाटेत जोरच उरायचा नाही.

भिंत पडली. मावशीनं ट्रॉल्या भरभरून गोटे आणवले आणि पाण्याच्या कडेला नुसते ओतले. कोळी खो खो हसले. "मावशी, सरोवर बुजवताय की काय?"

"मी ओतायचं काम केलं," ती म्हणाली. "रचणारा वर बसलाय."

एके दुपारी वादळ आलं. मावशी दारात उभी, ओठांवर देवाचं नाव. लाट उसळली, गोटे खडखडत वर चढले, पाणी फुस्स करून मुरलं. गोटे तिथंच! पुढची लाट आणखी वर. तिन्हीसांजेला वारा पडला तेव्हा दारासमोर कमरेएवढा बांध उभा होता, मोठे गोटे माथ्यावर, बारीक खडी पाण्याकडं. उंबरा कोरडा ठणठणीत.

दीर चिंब भिजून धावत आला. "एका दुपारीत? मला आठवडा लागला असता, वहिनी!"

"आणि चहाच्या किटल्या वेगळ्या!"

मावशीनं पदर खोचला, बांधाच्या माथ्यावर चढली, क्षणभर पाण्याला हात जोडले. मग कोळ्यांच्या दिशेनं अशी हाक मारली की पलीकडचे बगळे उडाले.

"अरे, हसून झालं असेल तर फुटक्या नावा आणा! शेड उघडी आहे!"