पाचव्या कादंबरीचा शेवट

मालाडच्या ख्रिस्ती गावठाणात ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस आले की कुणी मटण सोडतं, कुणी दारू. चोपन्न साली कॉस्मसने उलटंच केलं, कादंबऱ्या धरल्या! अँथनी मास्तरांनी शाळेत लिहून दिलेली सहा थोर इंग्रजी कादंबऱ्यांची यादी त्याने भिंतीला चिकटवली आणि आठवड्याला एक वाचणार असं गावभर सांगून टाकलं. गुपचूप करील तर तो कॉस्मस कसला!

मास्तरांची नजर आता गेली होती. म्हणून दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की कॉस्मस त्यांच्या ओटीच्या पायरीवर बसून वाचलेली गोष्ट सांगायचा आणि घरी येऊन यादीवर खूण करायचा. चार खुणा इमानाने पडल्या. पाचवी कादंबरी मात्र विटेएवढी. हट्टी बाप, त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलेली लेक. अर्ध्यावर हा पठ्ठ्या पत्त्यांच्या डावात अडकला आणि रविवार तर उजाडला. मग दिलं ठोकून: "लेक परत येते, मास्तर. बाप दार उघडतो."

 आत मास्तरांची बायको, सेराफिना आंटी, पदराने नाक पुसत होत्या. तेव्हा कुठे कॉस्मसच्या डोक्यात उजेड पडला. मास्तरांच्या लेकीने, आयरीनने, त्यांच्या मनाविरुद्ध गोवंडीच्या सहदेवशी लग्न केल्यापासून पाच वर्षं त्या घरात तिचं नाव निघत नव्हतं.

बुधवारी मासळीबाजारात आंटींनी त्याला गाठलं. "अरे, मास्तरांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं! आयरीन येतेय येत्या रविवारी, झावळ्यांच्या सणाला. तुझ्या पुस्तकाने केलं रे हे!"

कॉस्मस बोंबील तिथेच विसरून घरी पळाला. शेवटचं पान उघडलं. बाप दार उघडतच नाही. लेक पायरीवरून परत जाते.

 भिंतीवरच्या यादीवरची ती खोटी पाचवी खूण त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. शनिवारी पापकबुलीला गेला, तर फादर म्हणाले, "मला काय सांगतोस? ज्याला फसवलंस त्याला सांग."

रविवारी चर्चमध्ये मिळालेली झावळी हातात घेऊन तो मास्तरांच्या पायरीवर बसला. आत पाहुणीसाठी मैद्याचे फुगे तळल्याचा वास.

"मास्तर, मी खोटं बोललो. पुस्तक पुरं वाचलंच नव्हतं."

"हं. मग खरा शेवट काय?"

"दार... बंदच राहतं."

 आता मास्तर उठून कडी घालणार, पोर परत जाणार, आणि सगळं आपल्यामुळे! कॉस्मसच्या हातातल्या झावळीच्या चिंध्या झाल्या.

"गाढवा, यादी कुणी केली? ते पुस्तक मी तीनदा वाचलंय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बापच बरोबर वाटला मला. तुझा शेवट ऐकला तेव्हा नाही." मास्तरांनी घसा खाकरला. "ती खूण पूस. पहिल्या पानापासून वाच. आणि ऊठ तिथून, पायरी अडवू नकोस."

कॉस्मस उठला. फाटकाशी आयरीन उभी होती. ती त्याच्याकडे बघून हसली. कॉस्मसला शरमेने पुन्हा मान वर करवली नाही.