लाल चटणीचे पांढरे डबे

ताटात लाल चटणी वाढली गेली, की मिरजोळ्याचं ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांसमोर येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच फायलीबरोबरच मनातून गेले. हे मात्र राहिलं.

मी तेव्हा रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, तेवढ्यात टाय लावलेले एक गृहस्थ ठाण्यात आले. मे महिन्यात रत्नागिरीत टाय लावणारा माणूस बाहेरगावचाच असतो. गावोगाव बर्गरची दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीचे हे विभागीय व्यवस्थापक. रत्नागिरीच्या दुकानाला लाल चटणी पुरवायच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एक काकू. कोकम आणि सुकी मिरची घालून त्या ती करत. पुढे कंपनीने 'देशभर एकच चव' असं धोरण ठरवलं, काकूंचं काम बंद केलं आणि पुण्याकडच्या कारखान्यातून सॉस मागवायला सुरुवात केली. या धोरणासाठी मोठी बैठक झाली होती, असंही साहेबांनी सांगितलं. बैठकीचा गुन्ह्याशी संबंध नसल्याने ती आम्ही लिहून घेतली नाही.

तक्रार अशी, की कोठारातला नवा सॉस कमी होत होता, पण गिऱ्हाइकांच्या पुढ्यात मात्र जुनीच चटणी येत होती.

"हा सरळसरळ कट आहे," साहेब म्हणाले. "कंत्राट गेल्याच्या रागात ती बाई आमचा माल चोरते आहे आणि स्वतःचा घुसवते आहे." कट हा शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला, की ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

सॉसच्या चोरीवर माझा विश्वास बसेना. चोर विकता येईल ते चोरतो. पण दुपारी वसाहतीतल्या चहावाल्याचा फोन आला. तो आमचा जुना खबरी.

"साहेब, काकूंच्या शेडमध्ये पुण्याचा सॉस हाय. पांढऱ्या डब्यांतून येतो. सकाळी टेंपो येतो नि जातो."

दोन पंच घेऊन आम्ही गेलो. शेडमध्ये काही बायका मिरच्यांची देठं काढत होत्या. कोपऱ्यात काकूंचे पांढरे डबे रचलेले होते. झाकण उघडलं, तर आत कंपनीचाच सॉस. एका पंचाने बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. पंचनाम्यात चेहऱ्याची नोंद घेण्याची सोय नाही, म्हणून ती राहिली. नमुन्यासाठी एक डबा आम्ही ताब्यात घेतला.

काकूंना ठाण्यात बोलावलं. साठीच्या, काटक, हातांना मिरचीचा रंग बसलेला.

"काकू, हा सॉस तुमच्याकडे आला कसा?"

"टेंपोतून."

"ते मलाही कळलं. पाठवला कोणी?"

"डबे माझे, साहेब. माझ्याकडे परत आले. कोणी पाठवलेन ते मी सांगायची नाय."

"चोरीचा गुन्हा दाखल झाला, तर हल्ली तुम्ही शाळेच्या उपाहारगृहाला चटणी देता, तीही ऑर्डर जाईल. शेड बंद पडेल. त्या बायका काय करतील?"

त्यांनी हात पदराला पुसले. "तर मग माझंच नाव लिहा. दुसऱ्याच्या पोटावर पाय नाय द्यायचा मला."

खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. काकू कमी बोलत होत्या. कोणाला तरी वाचवत होत्या हे उघड होतं, पण कशापासून ते कळेना. गुन्हा दाखल करण्याआधी मी त्यांना शेडवर परत पाठवलं आणि उशिरानेच जेवायला घरी गेलो.

घरी आमची सौ. स्वयंपाकघरात कपाटं उघडत आणि आपटत होती. शेजारच्या वहिनींनी फणसाची सांदणं पाठवली होती, त्यांचा डबा परत द्यायचा होता.

"अगं, दे की तसाच."

"तसाच? रिकामा? काहीतरीच बोलू नका. सरका बाजूला."

अखेर तिला काही मिळालं नाही, तेव्हा तिने डब्यात चिमूटभर साखर घातली आणि मुलीच्या हाती तो पाठवून दिला. मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

बर्गरच्या दुकानाचा मुख्य स्वयंपाकी आंजर्ल्याचा होता. मुंबईच्या हॉटेलांत काम करून परत आलेला. त्याला बोलावलं. तो अंग चोरून समोर बसला. मी एकच प्रश्न विचारला.

"काम बंद झाल्यावर काकूंचे डबे परत कसे पाठवलेस?"

"कसे म्हणजे? त्या बाईने वर्षानुवर्षं चटणी घातलीन आम्हाला. तिचे डबे रिकामे पाठवू? आत होता तो सॉस भरला नि पाठवले."

"मग?"

"मग ते चटणी भरून परत आले. तुम्हीच सांगा, आता ते रिकामे पाठवायचे कसे?"

काकूंना पुन्हा बोलावलं. स्वयंपाकी समोर बसलेला पाहून त्या आधी त्याच्यावरच उखडल्या. "बोललास ना शेवटी? नोकरी जाईल तुझी, मेल्या!" मग माझ्याकडे वळल्या. "डबे माझे असले म्हणून काय झालं? आतलं त्याचं होतं. भरला डबा आला तर भरून नको पाठवायला?"

असा सगळा कट होता. पुण्याचा सॉस मिरजोळ्याला जात होता, मिरजोळ्याची चटणी दुकानात येत होती, आणि थांबायचं कोणी, हे कोणालाच ठरवता येत नव्हतं.

विभागीय साहेबांना ते पटेना. "पण धुऊन रिकामे का दिले नाहीत?"

"तुमच्या आई असतात का?" मी विचारलं. "त्यांना फोन लावा आणि हेच विचारा."

त्यांनी लावला. माझ्या सांगण्यावरून स्पीकरही सुरू केला.

"आई, शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत दिला तर चालतो का गं?"

"कोणाचा दिलास?" पलीकडून करडा आवाज आला. "हेच शिकवलं का रे मी तुला? काय म्हणतील ती माणसं!"

ठाणे अंमलदार खोकत बाहेर गेला. साहेबांनी टायची गाठ सैल केली. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि इथे हेतू फारच प्रामाणिक होता, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी तक्रार लेखी मागे घेतली. स्वयंपाक्याला तोंडी समज मिळाली, नोकरी राहिली. कंपनीचं धोरण काही बदललं नाही. धोरणं अशी बदलत नसतात. पण रत्नागिरीच्या दुकानात टेबलावर सॉसशेजारी काकूंच्या चटणीची बाटली दिसू लागली. 'स्थानिक विशेष' असं नाव देऊन कंपनीने तिचं उद्घाटनही केलं, फीत कापून.

चौकशीत आपण 'का केलं' असं विचारतो आणि माणूस गप्प राहिला, की तो काही लपवतो आहे असं समजतो. लपवतोही कधी कधी. पण कित्येक गोष्टी माणसं इतक्या सहज करतात, की त्या सांगाव्या लागतील असं त्यांना वाटतच नाही. या प्रकरणानंतर मी 'का'च्या आधी 'कसं' विचारायला लागलो. उत्तरं बरी मिळाली.

ताब्यात घेतलेला डबा परत करायचा राहिला होता. आतला सॉस आंबला होता, तो टाकून हवालदाराने डबा घासून आणला आणि दारात उभा राहिला.

"साहेब, असाच देऊ?"

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. ठाण्याच्या आवारात रायवळ आंब्याचं झाड होतं. पावतीवर आम्ही 'प्लास्टिकचा डबा, एक' एवढंच लिहिलं. आंब्यांचा उल्लेख केला नाही.

त्याच आठवड्यात डबा ठाण्यात परत आला, काठोकाठ चटणी भरून.

पुढे माझी बदली झाली, मग निवृत्ती. डबा माझ्या मागोमाग येत राहिला. सध्या तो आमच्या स्वयंपाकघरात आहे, धुऊन पालथा घातलेला. सौ. सकाळपासून कपाटं उघडते आहे.