मेडल येऊ द्या, मग बघू

“मेडल येऊ द्या, ताई, मग बघा आपल्या मंडळाचं मन केवढं मोठं आहे ते!” असं म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी समोसा चटणीत बुडवला. गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीची कमिटीची मीटिंग होती ती, इथं कॅनडात, हॅलिफॅक्सला, त्यांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये. मी कमिटीत नाही. लेकीसाठी शब्द टाकायला म्हणून वेळ मागून गेले होते. आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता, तो त्या दिवशी पसरला, आणि माणसानं हे वाक्य त्यावर ठेवलं.

लेक कयाकिंग करते, रेसचं. हौस म्हणून आम्ही घातलं असं लोकांना वाटतं. हौस कसली बाप्पा! ती लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नवरा आयटीत, दोघांनाही सुट्टी नाही. बंदरापलीकडच्या तळ्यावर एका क्लबचा समर कॅम्प सगळ्यात स्वस्त होता, म्हणून तिथं टाकली. आम्ही दोघं नागपूरचे, दोघांच्याही घराण्यात कुणाला धड पोहता येत नाही. आणि ही पोरगी त्या सुईसारख्या निमुळत्या होडीत बसली ती बसलीच. तळ्यावर धुकं असताना तिला सोडायला जायचं, गाडीत हीटर लावून डुलकी काढायची, मग तिला आधी शाळेत, आता युनिव्हर्सिटीत सोडून मी ड्युटीवर. हे आमचं रोजचं झालं.

इथवर पदरमोड चालली. खरी गोची हिवाळ्याची. इथलं तळं गोठतं ते पार एप्रिलपर्यंत. बर्फावर कुणी वल्ही मारत नाही. म्हणून वरच्या नंबरातल्या मुली जानेवारीत फ्लोरिडाला जातात, तिथल्या उघड्या पाण्यावर तीन महिने घासून काढतात, आणि एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा त्यांचे खांदे तयार असतात. सरकार अगदी वरच्या मोजक्या मुलींना महिन्याचा भत्ता देतं. माझी लेक त्या रेषेच्या बोटभर खाली. म्हणजे फ्लोरिडाचा खर्च आईबापाचा. त्याच वर्षी आमचं घराचं मॉर्गेज नव्या व्याजदरानं रिन्यू झालं आणि हप्ता असा उडाला की नवऱ्यानं आकडा दोनदा वाचला. म्हणून मी गेले मंडळाकडे. भीक नाही मागितली. म्हटलं, पोरीच्या एका हिवाळ्याला हातभार लावा, उसने म्हणा हवं तर.

तर कमिटीनं काय करावं? मला बाहेर बसवलं, चर्चा केली, परत बोलावलं आणि आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं की मंडळ आता ‘क्रीडा गौरव’ सुरू करणार. आपल्या समाजातल्या मुलानं वा मुलीनं कॅनडाच्या नॅशनल्समध्ये मेडल आणलं, की रोख बक्षीस. रक्कम ऐकली आणि मला हसावं की रडावं कळेना. बरोबर एका हिवाळ्याचा खर्च! मी जे मागत होते तेच, फक्त हिवाळा संपल्यावर.

आपल्याकडे गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार असतात ना, दहावी-बारावीचा निकाल लागला की, तेच यांच्या डोक्यात. मलाही मिळालेत ते सत्कार. बारावीला मार्क पडले तेव्हा वस्तीतल्या चार मंडळांनी मला चार भिंतीवरची घड्याळं दिली होती. वर्षभर क्लासच्या फीसाठी माझी आई शिलाई मशीनवर वाकून बसायची, तेव्हा यातलं एकही मंडळ फिरकलं नव्हतं. आणि याउलट माझे बाबा. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला हार-फुलांऐवजी वह्या आणि पेनं आणा, असं ते घरोघर सांगत फिरायचे आणि जमलेल्या वह्या शाळा सुरू व्हायच्या आत वाटून टाकायचे. हुशार कोण, ढ कोण, कधी विचारलं नाही. मी हे सगळं त्या बेसमेंटमध्ये बोलले. म्हटलं, अध्यक्षसाहेब, परीक्षेला बसणाऱ्याला पेन आधी द्यायचं असतं हो, निकाल लागल्यावर नाही! ते म्हणाले, “मुद्दा छान आहे, ताई. पण उद्या मेडल नाही आलं तर आम्ही मेंबरांना काय सांगायचं?” यावर सगळ्यांनी माना हलवल्या. पैसे बुडायची भीती, दुसरं काय! धोका घ्यायचा पोरीनं, आणि हे फोटोला येणार.

घरी येऊन मी आदळआपट केली. नवरा म्हणाला, “काऊन डोकं खराब करतेस? निदान काहीतरी देतायत नं. दुसरं कोण देतंय?” बरोबर होतं त्याचंही, म्हणून जास्तच राग आला.

लेक फ्लोरिडाला गेली नाही. आमच्या घरच्या बेसमेंटमध्ये वल्ह्याचं मशीन लावून, हेडफोन घालून ओढत राहायची. शनिवार-रविवार ग्रोसरी स्टोअरमध्ये काम करायची. तिच्या बरोबरीच्या मुली तिकडून उन्हात काळवंडलेले फोटो टाकत होत्या. ही ते बघायची आणि मशीनचा ताण वाढवायची. एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि तिनं तीन महिन्यांची भरपाई तीन आठवड्यांत करायला घेतली. मे संपता संपता उजवा खांदा दुखायला लागला.

फिजिओनं स्पष्ट सांगितलं, दोन महिने पाण्यात उतरायचं नाही. नॅशनल्स ऑगस्टमध्ये. लेक घरी येऊन म्हणाली, “इट्स जस्ट टाइट, आई.” टाइट म्हणे! वरच्या शेल्फवरचा डबा डाव्या हातानं काढत होती, केस बांधायला माझ्यापुढे येऊन बसत होती. एवढी मोठी घोडी, गेल्या कित्येक वर्षांत तिनं मला वेणीला हात लावू दिला नव्हता. मी काय आंधळी आहे?

एक दिवस ओट्याशी मी तिला गाठलंच. म्हटलं, या वर्षी नाही उतरायचं. खांदा नीट कर, पुढच्या वर्षी बघू. ती चिडली नाही. चिडली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि विषय मिटवला असता. ती शांतपणे म्हणाली, “पुढच्या वर्षी कशी? विंटर मिस केला तर अगेन हेच होणार. थर्ड आले तरी मंडळाचे पैसे मिळतात. दॅट्स माय विंटर. नाहीतर कोण देणार, आई? यू?”

त्या क्षणी मला त्या अध्यक्षाचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. माझ्या पोरीला मी जे करू नको म्हणून सांगत होते, त्याच्यावर त्यानं किंमत लिहून ठेवली होती, आणि ती किंमत माझ्या शब्दापेक्षा भारी होती.

नॅशनल्स यंदा आमच्याच तळ्यावर होत्या. तिनं खांद्याला पट्ट्या मारल्या, गोळ्या घेतल्या आणि उतरली. दोन मिनिटांची रेस. मी किनाऱ्यावर उभी राहून, ती हरू दे, असं म्हणत होते. हो, आई असून म्हणत होते. चौथी येऊ दे, पाचवी येऊ दे, म्हणजे आशा सुटेल आणि खांदा तरी वाचेल. शेवटच्या पट्ट्यात तिनं एका मुलीला मागं टाकलं. तिसरी आली. नवरा ओरडत नाचायला लागला आणि मीही ओरडले, खोटं कशाला बोलू. मग ती धक्क्याला लागली. होडी उचलायला वाकली आणि हात वर येईना. तिची कोच, पिकल्या केसांची बाई, पाण्यात उतरली आणि तिनं होडी खांद्यावर घेतली. कोचनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

तोपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धो धो अभिनंदन सुरू झालं होतं. ‘आपली लेक!’ ‘मंडळाची शान!’ अहो, हिवाळ्यात ती कुणाची लेक होती?

एमआरआय झाला. सांध्याची कड फाटली होती, आणि सर्जन म्हणाली की फाटक्यावर रेस मारून ती अजून उसवली. आता ऑपरेशन करावं लागेल, नंतर वर्षभर पाणी नाही. ऑपरेशन केलं तर हात शाबूत राहील, पुन्हा रेस मारता येईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. न करता आणखी ताणलं तर साधं जॅकेट घालायलाही उद्या दुसऱ्याचा हात लागेल. इथं ऑपरेशनला पैसा लागत नाही, वाट बघावी लागते. जानेवारीची तारीख मिळाली. लेकीनं खूप रडून एकदाचं हो म्हटलं. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात पाडून ठेवलेले.

आणि मग दिवाळीचा कार्यक्रम. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, चकल्या-अनारशांचे ट्रे, पैठण्या, सूट, गाण्याच्या भेंड्या. लेकीला म्हटलं, हाताला स्लिंग घालून ये, बघू देत लोकांना. तर म्हणाली, “नो ड्रामा, आई, प्लीज.” साडी मी नेसवली, पदर लावून दिला.

अध्यक्षांनी भाषण केलं. म्हणाले, “आम्ही बक्षीस जाहीर केलं आणि पहिल्याच वर्षी मेडल! प्रोत्साहन द्यायचं ते असं.” आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिले, पण हा माणूस ते मनापासून खरं मानत होता. शाल झाली, नारळ झाला. मग दोघांनी मिळून आणला तो पुठ्ठ्याचा भला मोठा चेक. फोटोवाला म्हणाला, “दोन्ही हातांनी धरा. वर घ्या. अजून वर!” लेकीचा डावा हात वर गेला, उजवा कमरेशीच राहिला आणि चेक तिरका झाला. लोक हसले. मी स्टेजवर चढले आणि दुसरी बाजू धरली.

तेवढ्यात माझ्यासमोर माईक आला. आईंनी दोन शब्द बोलावेत म्हणे. बोलले मी. “हे पैसे मी गेल्या दिवाळीत मागितले होते. तेव्हा दिले असते तर माझ्या पोरीचा खांदा आज धड असता. तुमच्या बक्षिसासाठी ती मोडक्या हातानं उतरली. पुढच्या पोराला तरी आधी द्या.” पुढच्या रांगेतल्यांनी चकल्यांच्या प्लेटा खाली ठेवल्या. मला वाटलं, लागलं कुठंतरी.

अध्यक्षांनी हळूच माईक काढून घेतला. डोळे पाणावले होते त्यांचे, खरंच. म्हणाले, “ऐकलंत? मोडक्या हातानं! याला म्हणतात जिद्द! अशा जिद्दीला आपलं बक्षीस कमी पडतंय, ताईंचं बरोबर आहे. मी आत्ताच जाहीर करतो, पुढच्या वर्षी मेडल आणणाऱ्याला दुप्पट!”

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या. मी चेकची कड धरून तशीच उभी. लेक माझ्या कानाशी वाकली. मला वाटलं, चल घरी म्हणते.

“दॅट्स टू विंटर्स, आई,” ती म्हणाली. डोळे लकाकत होते तिचे. “सर्जरी पोस्टपोन करता येते का गं?”