शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज

विद्याश्री गडहिंग्लजकडची. घरात कन्नड, ऑफिसात मराठी. मुरगूडच्या बाजूला वीज कंपनीच्या एका शाखेत ती कनिष्ठ अभियंता होती. लाइन किती लांब, तिच्यावर भार किती आणि शेवटच्या घरात व्होल्टेज किती पोचतं, हा हिशेब तिला मनापासून आवडायचा आणि तो सहसा चुकायचा नाही.

मार्चमध्ये एका सकाळी बायडाबाई दुधाच्या टेम्पोतून ऑफिसात आली. तिचा नवरा केरबा तीस वर्षं गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचा. त्या धुरानं फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं होतं. पण शेतीपंपांसाठी थ्री फेज लाइट आली की मशीन किंचाळायचं आणि बंद पडायचं. थ्री फेज दिवसाचे आठ तास असायची.

विद्याश्री त्याच दिवशी वायरमन जोतीरामला घेऊन वस्तीवर गेली. ट्रान्सफॉर्मरपाशी व्होल्टेज दोनशे अठ्ठावीस होतं. तिथून सव्वा किलोमीटरवर, शेवटच्या खांबाला केरबाचं घर. तिथं एकशे बासष्ट. केरबा खाटेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास घेत होता. स्टॅबिलायझर आणलेला होता, पण एवढ्या कमी व्होल्टेजला तोही बंद व्हायचा.

तिनं कागद काढून बघितले. त्या ट्रान्सफॉर्मरवर चौदा पंप, प्रत्येकी तीन एचपीची नोंद. कागदावर ट्रान्सफॉर्मर निम्माही भरत नव्हता. पंपांना मीटर नव्हते, म्हणून खरा भार कुठंच लिहिलेला नव्हता. मग तिनं तीन दिवस उन्हात फिरून एकेका मोटारीच्या वायरीला टाँग टेस्टर लावून ती किती वीज ओढते ते मोजलं. बहुतेक मोटारी पाच नाही तर साडेसात एचपीच्या. कितीतरी मोटारींवरच्या एचपी लिहिलेल्या पट्ट्या खरवडून टाकलेल्या. नोंद बेचाळीस एचपीची, भार शहाण्णवचा. त्यात सगळ्यांना ऑटो स्विच. लाइट आली की चौदाही मोटारी एकदमच सुरू.

उपाय तिला माहीत होता. वस्तीपाशी आणखी एक ट्रान्सफॉर्मर. पण तो नोंदवलेल्या भारावरच मंजूर होणार होता. म्हणजे चौदा जणांनी आपली खरी मोटार लिहून द्यायला हवी होती.

पाण्याच्या टाकीखाली तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि केरबाचं नाव न घेता समजावून सांगितलं. हे कुणासाठी चाललंय ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. बाळासो हा त्यांच्यातला जाणता.

"मॅडम, तुमचं पटतंय की. पर आज साडेसात लिवून दिलं तर उद्यापासनं बिल साडेसातचं, आणि मागच्या वर्सांचं काढलं तर? आणि ट्रान्सफॉर्मर कवा येणार, ते लिवून देताय का तुमी?"

ते तिला लिहून देता येत नव्हतं. ती तसं म्हणाली. एकेक जण उठून रानाकडं गेला, कुणीच लिहून दिलं नाही.

चौदांतला एक पंप केरबाचाही होता. निदान त्याचा तरी अर्ज भरावा म्हणून ती त्याच्या घरी गेली. त्यानं हातानं थांबवलं. दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत होता.

"आमचीबी साडेसातचीच हाय. मीच बसवली. लई आनंदानं." जरा थांबून म्हणाला, "आता ती मोटार धाकट्या भावाच्या हातात हाय. त्याला काय सांगू मी?"

मग विद्याश्रीनं दुसरी वाट काढली. सात मोटारी पहिले चार तास, सात नंतरचे चार. लेखी काहीच नको, फक्त ऑटो स्विच बंद ठेवायचे. बाळासोनं शब्द टाकला आणि लोक तयार झाले. शेवटच्या खांबावर एकशे शहाण्णव आलं. मशीन दिवसभर चाललं. केरबा अंगणात खुर्ची टाकून बसला, एकदा म्हशीपर्यंत चालत गेला. हे अकरा दिवस टिकलं.

एप्रिलच्या उन्हात नदीचं पाणी खाली गेलं, उसाच्या पाळ्या लांबल्या आणि चार तासांत रान भिजेना. आधी एकाचा ऑटो चालू राहिला, मग शेजाऱ्याचा, आणि मशीन पुन्हा बंद पडायला लागलं. विद्याश्रीला कुणावर रागावताही येईना. माणसं वाईट नव्हती. सगळेजण येऊन केरबाची विचारपूस करून जायचे.

तिनं स्वतःच्या मोजणीच्या नोंदी जोडून प्रस्ताव पाठवलाच. तो परत आला. भार नोंदीशी जुळत नाही, असा शेरा होता. ती वरच्या साहेबांना जाऊन भेटली. त्यांनी आकडे नीट वाचले, बरोबर आहेत म्हणाले आणि फाईल तशीच तिच्याकडे परत सरकवली.

मेच्या सुरुवातीला लेक पूर्णिमा येऊन केरबाला कागलला तिच्या घरी घेऊन गेली. तिथं व्होल्टेज चांगलं होतं. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, त्याला जिना उतरता यायचा नाही. बायडाबाई म्हशीसाठी मागं राहिली आणि आठवड्यातनं एकदा एसटीनं जाऊन यायची.

दिवाळीनंतर ती पुन्हा ऑफिसात आली. म्हैस विकली होती. घराचा मीटर काढून न्या म्हणाली.

"आता घरात कोण न्हाय. त्यांचं माझ्याबिगर भागंना, आणि त्यांस्नी हिकडं आणता येत न्हाय."

विद्याश्रीनं अर्ज भरला. काहीतरी बोलावं म्हणून ती प्रस्ताव पुन्हा पाठवणार असल्याचं म्हणाली. बायडाबाईनं मान हलवली, सही कुठं करायची ते विचारलं आणि सावकाश, एकेक अक्षर काढत नाव लिहिलं. मग पिशवी उचलून स्टँडकडं निघाली. कागलची गाडी गाठायची होती.