चौथ्या खोलीतला चिंचोका

माझ्या आईची एक गोळी आहे. आठवड्यातून एकच घ्यायची. रोज नाही, एक दिवसाआड नाही, दुखलं म्हणून जास्तीची तर अजिबात नाही. तुरीच्या दाण्याएवढी, पिवळी. बघितली तर वाटणार नाही की हिच्यात माणसाला उभं करायची आणि आडवं पाडायची दोन्ही ताकद आहे. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून बजावलं होतं, "बाई, हिचा डोस छोटा आहे, पण दिवस चुकवायचा नाही. आठवड्यात दोनदा गेली तर तोंड येईल, रक्त कमी होईल. लोक रोज घेतात आणि मग धावत येतात." मी मान डोलावली. मी शाळेत शिक्षिका आहे. मला वाटलं, हे सगळं माझ्यासाठी नाही, आईसाठी आहे. चुकलीच तर ती चुकेल.

आईने राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात चाळीस वर्षं कापूस वेचला. दुसऱ्यांच्या शेतात, आणि मागून घरच्या दोन एकरांत. कापूस वेचणं सोपं वाटतं, ते पाहणाऱ्याला. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी लागतात. बोटांनी बोंडातून कापूस ओढायचा, पण प्रत्येक वेळी ओटीत टाकायचा नाही, वेळ जातो. तळहातात दाबून ठेवायचा आणि त्याच हाताच्या बोटांनी पुढचं बोंड मोकळं करायचं. मूठ भरली की मग ओटीत. आईच्या हातात किती मावायचं ते बघून तिच्या ओळीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या हाताला पोट आहे. लहानपणी मी सुट्टीत तिच्या मागे जायचे. माझ्या मुठीतून निम्मा कापूस खाली पडायचा आणि ती मागे न बघताच म्हणायची, "उचल तो."

तेच हात तीन वर्षांपूर्वी सुजले. सकाळी बोटं उघडायची नाहीत. चहाचा कप दोन्ही मनगटांत धरून प्यायची. पोलक्याची बटणं शेजारीण लावून द्यायची आणि ही मला फोनवर सांगायची, थंडी आहे, म्हणून जरा आखडलं. उन्हाळा आला तरी थंडीच होती! मी पांढरकवड्याच्या पुढे, हायवेवरच्या एका गावात नोकरीला. एका रविवारी एसटीने अचानक घरी गेले, तेव्हा ती पायाने दार लोटून बाहेर आली. तेव्हा मला खरं काय ते कळलं. मी रागावले, रडले, आणि दुसऱ्या दिवशी तिला यवतमाळला घेऊन गेले. तपासण्या झाल्या. सांध्यांचा आजार, जन्मभराचा. औषध चालू राहिलं तर हात वाचतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने एकच विचारलं, "वेचाले जाता येईन का?"

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी गोळी नीट घ्या."

मग मी कामाला लागले. आईला अक्षर येत नाही, म्हणून मी आधीच गृहीत धरलं की तिला काहीच येणार नाही. भिंतीवर तक्ता लावला, त्यात मंगळवारी पिवळा गोल आणि शुक्रवारी पांढरा. पांढरा म्हणजे जीवनसत्त्वाची साधी गोळी, पिवळीचा त्रास होऊ नये म्हणून दिलेली. तिच्या मोबाईलमध्ये गजर लावला. गजर वाजला की ती फोन उचलून "हॅलो, हॅलो" करायची. शेवटी मेडिकलमधून सात खोल्यांचा प्लास्टिकचा डबा आणला, प्रत्येक झाकणावर वाराचं इंग्रजी अक्षर. आईने डबा उलटा-सुलटा करून पाहिला.

"सात खोल्या आन भाडेकरू दोनच," ती म्हणाली. "बाकीच्या पाच कायले बांधल्या?"

तिने स्वतःच तोड काढली. शेजारच्या मोठ्या गावाचा बाजार मंगळवारी भरतो. त्या दिवशी सगळी बाई-मंडळी बाजाराला जातात, शेतात कोणी जात नाही. आईने ठरवलं, बाजाराहून यायचं, जेवायचं, आणि गोळी घ्यायची. "बाजार चुकत नाही, तं गोळीही चुकणार नाही," ती म्हणाली. मला ते पटलं. इतकं पटलं, की पुढे दोन-चार जणींना सांगताना ती युक्ती मी आपलीच म्हणून सांगू लागले. दर मंगळवारी संध्याकाळी मी फोन करायचे, "बाजार झाला का? गोळी घेतली का?" ती हो म्हणायची. तिकडे कोणी न्यायला नसताना महिन्या-दोन महिन्यांनी एकटी एसटीने यवतमाळला जाऊन रक्त देऊन यायची. सूज उतरत गेली. वर्षभरात ती स्वतःची बटणं लावू लागली, आणि दुसऱ्या हंगामात अर्ध्या ओळीपुरती का होईना, वेचायला गेली. त्या दिवशी तिने मला फोन केला, पण बोलली फक्त कापसाबद्दल. हातांबद्दल एक शब्द नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला माझ्याकडे आणलं. वेचणी सोडून यायला ती तयार नव्हती, पण मी ऐकलं नाही. तिच्या पिशवीत दोन लुगडी, तपासणीची फाईल आणि तो डबा. डबा उघडून पाहिला तर एका खोलीत चिंचोका! मी चिडले. "आई, औषधाच्या डब्यात कचरा कायले ठेवतं? जंतू होते ना." मी तो उचलून खिडकीत ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं तर चिंचोका पुन्हा डब्यात. मी म्हटलं, म्हातारपणी माणसं लहान होतात, आणि सोडून दिलं.

त्याच आठवड्यात वणीहून माझी मोठी नणंद दोन दिवसांसाठी आली. माझ्या नोकरीच्या गावचा बाजार शनिवारचा. आम्ही दोघी गेलो, वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, माझ्या पोरांसाठी सीताफळं घेऊन आलो. सुट्टीत शाळेची घंटा नाही की तासिका नाही, मला वार म्हणून काही उरलेला नव्हता. आई घरात सांभार निवडायला बसली. नणंदेने तिच्या बोटांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "आराम पडला दिसते. पण हे गोळ्यांचं ध्यान ठेवते कोण? बिनशिकल्या माणसाले समजते का?"

मला ते झोंबलं. आईसाठी झोंबलं की माझ्यासाठी, ते आज सांगता येत नाही. मी म्हटलं, "मी लावून दिलं ना, ताई. बाजार म्हणजे गोळी. इतकं सोपं करून सांगितलं का चुकाले जागाच नाही." आई खाली मान घालून काड्या तोडत होती. आणि माझ्या अंगात आलं. "आता आजही बाजारच ना," असं म्हणत मी उठले, डबा आणला, शेवटच्या खोलीतली पिवळी गोळी काढली आणि पाण्याचा पेला भरून आईसमोर धरला.

"आज?" आई म्हणाली.

"हाव, आज. बाजार झाला ना?"

"अवं, पण..."

"आई, पाव्हण्यासमोर वाद नको घालू. घे म्हणते ना."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे. हात पुढे केला, गोळी घेतली, हात तोंडाकडे नेला, आणि अख्खा पेला पाणी प्यायली. पदराने तोंड पुसलं. मी नणंदेकडे असं पाहिलं, जसं परीक्षेत वर्गातल्या पोराने माझ्या शिकवणीचं नाव काढलं आहे. दुसऱ्या दिवशी ती वणीला गेली.

मंगळवारी संध्याकाळी आमचं जेवण झालं. मी ओट्यावर बसून फोन चाळत होते. फोनने मंगळवार दाखवला तेव्हा सवयीने मनात आलं, आईला विचारायचं आहे, बाजार झाला का. आई तर माझ्या शेजारीच बसली होती. पदराच्या टोकाची गाठ सोडत होती, हळूहळू, दाताने न ओढता, स्वतःच्या बोटांनी. गाठीतून पिवळी गोळी निघाली.

"ही कुठली?" मी म्हटलं. "डब्यातली तं शनिवारी मीच..."

वाक्य तिथेच थांबलं. शनिवारी. तो माझा बाजार होता, तिचा नव्हता. तिने आधीच्या मंगळवारी एक घेतली होती आणि चौथ्या दिवशी मी दुसरी दिली. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून जे सांगितलं होतं, नेमकं तेच मी माझ्या हाताने केलं होतं. मी तिचं मनगट धरलं. "तोंड उघड, आई. आतून सोललं का? गिळाले दुखते का? सांग ना!"

आई हसायला लागली. "काही नाही झालं मले. सोड हात. ही तीच गोळी आहे, शनिवारची."

"म्हणजे?"

"घेतलीच नाही ना मी. हातातच ठेवली."

"मी पाह्यलं तुले पेताना."

"पाणीच पेली."

मी तिच्या तळहाताकडे पाहत राहिले. जो हात सुजला म्हणून मी रडले होते, ज्याने कप धरता येत नाही म्हणून तक्ते लावले होते, त्या हाताने दोन शिकलेल्या बायकांसमोर गोळी तळव्यात दाबून ठेवली आणि बोटं मोकळी ठेवून पेला धरला. चाळीस वर्षं तिने हेच केलं होतं. माझ्या मुठीतून तर कापूसही पडायचा.

"मग सांगितलं काहून नाही?" मी म्हटलं. आवाज चढलाच होता. सवय जात नाही.

"तुही नणंद बसली होती. तू तिले सांगून राह्यली होती का तूच शिकवलं. त्यात मी म्हणू, का बाई, तुहं चुकलं?"

"आन ती गेल्यावर?"

"मंग काय सांगाव? गोळी तं माह्याजवळच होती."

मी विचारलं, तुझा बाजार तर इथे नाही, मग दिवस झाला नाही हे तुला कळलं कसं. तिने आत जाऊन डबा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. चिंचोका शेवटच्या खोलीत होता. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर चिंचोका पहिल्या खोलीत. रोज एक खोली पुढे; झाकणावरच्या अक्षरांशी तिचा संबंधच नव्हता. पांढऱ्या गोळीच्या खोलीत पोचला की पांढरी, पिवळीच्या खोलीत पोचला की पिवळी. मी खिडकीत ठेवला होता तेव्हाही तिने त्याची खोली लक्षात ठेवून तिथेच परत नेऊन ठेवला होता. शनिवारी मी जेव्हा डबा उघडला, तेव्हा चिंचोका चौथ्या खोलीत होता. माझ्या डोळ्यांसमोर.

"पण तू तं बाजारावर घेतं," मी म्हटलं.

"ते सांगाले बरं पडते. लोकं विचारते, सांगते बाजार म्हणून. पण बैलपोयाच्या सणाले बाजार आला का आदल्या दिवशीच भरते. इलेक्शन आलं का भरूच देत नाही. त्याच्यावर कसा भरोसा ठेवू?" ती गोळी तोंडात टाकत म्हणाली. या वेळी मी पाणी दिलं आणि गिळेपर्यंत बघत बसले. तिने तोंड उघडून दाखवलं, पोरीसारखं, जीभ वर करून.

मला त्या क्षणी जेवढा तिचा अभिमान वाटला तेवढीच स्वतःची लाज वाटली. आजवर मी तिला सांभाळते असं सगळ्यांना सांगत होते. तिने स्वतःला सांभाळलं होतं, आणि वर मलाही. माझी चूक तिने पदरात बांधून तीन दिवस घरभर फिरवली, भाकरी थापताना, पोरांना गोष्टी सांगताना, आणि मला पत्ताही लागू दिला नाही.

मी फोन उचलून नणंदेला लावला. आईने विचारलं, कोणाला लावते. मी सांगितलं नाही. नणंद हॅलो म्हणाली, आणि मी सरळ सुरू केलं, "ताई, शनिवारी मी आईले चुकीच्या दिवशी गोळी दिली होती. तिने घेतली नाही म्हणून बरं. आन ते ध्यानात ठेवाचं मी शिकवलं नव्हतं, तिचंच आहे सगळं." नणंद तिकडून काय काय विचारू लागली. आई माझ्यासमोर उभी राहून, कायले सांगतं, कायले सांगतं, असं तोंडातल्या तोंडात म्हणत मला हात हलवून थांबवत होती. मी थांबले नाही. तिच्या हलणाऱ्या हाताकडे बघत सगळं सांगून टाकलं. पाचही बोटं सरळ उघडलेली होती.