पंख्याखालची रेघ

"थांबा भाऊ, बॉलला इचारू."

कुठल्याही प्रश्नाला त्याचं हे एकच उत्तर. लाल बॉल जाईल का रे? बॉलला इचारू. लग्न कधी करतोस? बॉलला इचारू. मग स्नूकरच्या टेबलावर वाकायचा, हनुवटी हातातल्या काठीला, म्हणजे क्यूला, टेकवायचा, आणि बॉल बहुतेक वेळा पॉकेटमध्ये पडूनच उत्तर द्यायचा.

रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत तो ऑपरेटर. वय बावीस. मी टाइम ऑफिसात कारकून आणि ऑफिसर्स क्लबचा सेक्रेटरी. मी ऑफिसर नव्हतो. पण बल्ब बदलायला आणि पत्ते आणून ठेवायला एकही ऑफिसर तयार नव्हता. असे सेक्रेटरी तुम्हीही पाहिले असतील.

क्लबात स्नूकरचं टेबल होतं. कामगारांना तिथं बंदी. एकदा टेबल सरकवायला चार कामगार बोलावले, त्यात हा आला. नुसतं बघून म्हणाला, "भाऊ, ह्यो पाय सूतभर खाली हाय." मी लेव्हल लावून पाहिली. होता. जिते गावात खाडीकडं घर, बाप मिठागरात. मिठाच्या वाफ्यांचा तळ चोपून चोपून सपाट करण्यात याचं लहानपण गेलेलं. मला मजा वाटली. क्लबाची दुसरी चावी दिली. "शिफ्ट सुटल्यावर खेळ. साहेब लोक यायच्या आत कुलूप लाव."

दोन वर्षांत तो असा खेळायला लागला की मी शेजारी क्यू धरून उभा राहिलो तरी मलाच लाज वाटे. क्लबात आलेल्या मुंबईच्या एका पाहुण्यानं त्याचा खेळ पाहिला आणि बातमी दिली. कुणी एक कंपनी दोन पोरं निवडून वर्षभर इंग्लंडला पाठवणार होती, व्यावसायिक खेळाडू व्हायला. निवड मुंबईत, आठ महिन्यांनी. त्या दिवशी पहिल्यांदा तो बॉलला न विचारता बोलला, "मी जानार."

त्याच आठवड्यात मी त्याला एक फटका शिकवायला गेलो. हसू नका. माझा क्यू बॉलखाली घुसला आणि टेबलाचं हिरवं कापड वीतभर फाटलं.

पेणहून सोफे शिवणारा कारागीर आणला. त्यानं जुन्या कापडाबरहुकूम नवं ताणून बसवलं, अगदी ढोलकीसारखं. राहिली रेघ. ज्या टोकाकडून खेळ सुरू होतो तिथं आडवी रेघ आणि तिला चिकटून अर्धगोल आखतात. आधी ती खिडकीच्या टोकाला होती. मोठे साहेब म्हणाले, "तिथं फार उकडतं हो. पंख्याखाली घ्या की." मी शिंप्याचा खडू घेतला आणि रेघ दुसऱ्या टोकाला, पंख्याखाली आखली. साहेबांनी पाठ थोपटली.

संध्याकाळी त्यानं कापडावरून तळवा फिरवला आणि थांबला. "भाऊ, लव उलटी पडली. रेघ त्या टोकाला पायजे."

आता मला माहीत आहे. या कापडाला मखमलीसारखी लव असते, ती रेघेकडून समोरच्या टोकाकडं पडलेली असावी लागते. हळू सोडलेला बॉल लवेच्या कलानं केसभर सरकतो, आणि खेळाडूचा हात तेवढी जागा सोडायला शिकतो. तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नसलं की मला जास्त विनोद सुचतात. मी म्हणालो, "कापड आहे ते, मांजर नव्हे. अक्कल तुझ्या मिठागरात दाखव." टाइम ऑफिसातले दोघंतिघं नवं कापड बघायला आले होते, ते हसले. तोही हसला. रेघेचं पुन्हा काढलं नाही.

आठ महिने तो त्या टेबलावर खेळला. शिफ्ट संपवून रोज.

मुंबईला मी बरोबर गेलो. त्याची आजारपणाची रजा मीच लिहिली होती. शेवटच्या सामन्यापर्यंत तो धडाधड मारत आला. जोराचे फटके कापडाला जुमानत नाहीत. शेवटच्या डावात मधल्या पॉकेटसमोर सोपा बॉल आला, हळूच ढकलायचा. केसभर हुकला. थोड्या वेळानं तसाच दुसरा. तोही, त्याच बाजूला. माझ्या शेजारी टेबलं झाडणारा म्हातारा बसला होता. म्हणाला, "हात सोन्याचा आहे पोराचा. पण उलट्या बाजूला जागा सोडतंय. उलट्या टेबलावर शिकलं की काय?"

मी म्हणालो, "काय की."

दुसरी पोरं निवडली गेली.

परतताना पनवेलहून रोह्याची गाडी धरली. आपटा स्टेशन गेलं तसा मी म्हणालो, "अरे, ते कापड..."

"ठावं हाय."

"कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. बोललो व्हतो तुमाला."

"मग परत का नाही बोललास? भांडायचंस माझ्याशी. नुसती रेघ तर पुसायची होती."

तो बाहेर बघत होता. "चावी तुमच्याकडची व्हती, भाऊ. काढून घेतली असतीत तर?"

नाही रे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण खरं तर मी घेतली असती.

जिते आलं. "येतो," म्हणून तो उतरला.

चौथ्या दिवशी त्याची चावी दुसऱ्या कामगाराच्या हातून माझ्या टेबलावर आली. कार्ड पंच करायला तो रोज माझ्या खिडकीशी यायचा, मान हलवायचा. एकदा म्हटलं, "ये की खेळायला." म्हणाला, "शिफ्ट हाय." वर्षाच्या आत नोकरी सोडून आखाती देशात कुठल्याशा प्लांटवर गेला. राजीनाम्यात कारण लिहिलं होतं, घरगुती. मी सही घेतली.

मोठ्या साहेबांची बदली झाल्यावर मी ती रेघ पुसली. ओलं फडकं, चार मिनिटं. खिडकीच्या टोकाला नवी आखली. नवे साहेब टेबल पाहून खूश झाले. म्हणाले, "इथं कोणी बऱ्यापैकी खेळतं का हो?"

"नाही, साहेब," मी म्हणालो. एवढं मात्र खरं बोललो.